सनद कोणाची, शाळा कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील एखाद्या शहराच्या जुन्या, गरीब वस्तीत संध्याकाळी आठ-दहा पालक चर्चच्या तळघरात जमतात. कोणी बसचालक, कोणी इस्पितळातील परिचारिका, कोणी दोन ठिकाणी नोकरी करून घर चालविणारी एकटी आई. वस्तीतील सरकारी शाळेत वर्ग गच्च भरलेले असतात, चांगले शिक्षक वर्षभरही टिकत नाहीत, ग्रंथालयाला कुलूप असते आणि शिक्षण मंडळाकडे केलेल्या अर्जांना उत्तर येत नाही. बोलता बोलता कोणीतरी म्हणतो, ‘आपणच एक चार्टर शाळा का काढू नये?’ गेली तीस-पस्तीस वर्षे त्या देशात अशा बैठका ठिकठिकाणी होत आल्या आहेत. त्या पालकांना काय सांगावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सार्वजनिक शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या प्रत्येक चळवळीपुढे तो आज ना उद्या उभा राहतोच.

चार्टर म्हणजे सनद. सनदी शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, परंतु शिक्षण मंडळाच्या दैनंदिन कारभारातून ती मुक्त असते. पालकांचा, शिक्षकांचा किंवा एखाद्या संस्थेचा गट अर्ज करतो. राज्याच्या कायद्याने ठरविलेली यंत्रणा तो तपासून काही वर्षांच्या मुदतीची सनद देते. जितकी मुले, तितका पैसा, असा हिशेब असतो. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिला जातो. ठरलेली उद्दिष्टे पुरी झाली नाहीत तर सनद काढून घेता येते. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत आणि सुमारे ३७ लाख मुले या शाळांत शिकतात.

या कल्पनेचा उगम व्यापाऱ्यांच्या पेढीत झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रे बड या शिक्षणाच्या प्राध्यापकाने ती मांडली आणि १९८८ मध्ये अमेरिकन शिक्षक महासंघाचे अध्यक्ष आल्बर्ट शँकर यांनी एका भाषणातून ती देशभर पोहोचविली. त्याआधी जर्मनीतील कोलोन शहरातील एक शाळा शँकर यांनी पाहिली होती. तेथे शिक्षकांचे गट स्वतः निर्णय घेत आणि स्थलांतरित कामगारांची मुले इतर मुलांबरोबर शिकत. शिक्षकांच्या हाती शाळा द्यावी, त्यांनी नवे प्रयोग करावेत आणि त्यांचा लाभ सर्व सरकारी शाळांना मिळावा, अशी शँकर यांची अपेक्षा होती. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, तेव्हा शाळांची मर्यादा अवघी ८ होती आणि व्यवस्थापनात शिक्षकांचे बहुमत असावे अशी अट होती. १९९२ मध्ये सेंट पॉल येथे उघडलेली पहिली शाळा मध्येच शिक्षण सोडलेल्या मुलांसाठी होती. परंतु पुढे काही वर्षांतच नफेखोर कंपन्या या वाटेने शिरू लागल्या आणि ज्या शँकर यांनी ही कल्पना लोकप्रिय केली तेच तिचे टीकाकार झाले.

मग पालक तिकडे का वळले? याचे उत्तर त्यांच्या भोळेपणात शोधणे हा अन्याय होईल. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो. श्रीमंत वस्तीत घरे महाग, म्हणून पट्टी अधिक, म्हणून शाळा उत्तम. आणि गरीब वस्तीत याच्या नेमके उलट. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील एजवुड भागातील मेक्सिकन वंशाच्या पालकांनी १९६८ मध्ये या व्यवस्थेविरुद्ध खटला भरला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला. संघराज्याच्या घटनेने शिक्षण हा मूलभूत हक्क दिलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायाचे मोठे दार असे बंद झाल्यावर माणसे लहान खिडक्या शोधू लागतात. सनदी शाळा ही अशीच एक खिडकी होती.

त्याच १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ओशन हिल-ब्राउन्सव्हिल येथे, कृष्णवर्णीय पालकांनी निवडलेल्या स्थानिक मंडळाच्या हाती शाळांचा कारभार प्रयोगादाखल देण्यात आला होता. त्या मंडळाने काही शिक्षकांना व अधिकाऱ्यांना शाळांतून दूर केले. शिक्षक संघटनेने नोकरीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित करून संप पुकारला. तो शाळांच्या कामकाजाचे ३६ दिवस चालला आणि शहरातील दहा लाखांवर मुले वर्गाबाहेर राहिली. त्या संपाचे नेते आल्बर्ट शँकर हेच होते. प्रयोग संपला, संघटना जिंकली. परंतु संघटित कामगार आणि वंचित पालक यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली ती अनेक वर्षे पडली नाही. खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना पुढे तिचा भरपूर उपयोग झाला. पालकांच्या रागाला पुरोगामी चळवळीने घर दिले नाही, तर तो राग दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसतो, हा त्या लढ्याचा धडा आहे.

आता तळघरात जमलेल्या त्या पालकांकडे पुन्हा वळू. सनद मागणे म्हणजे शेकडो पानांचा अर्ज, अंदाजपत्रक, अभ्यासक्रम, विमा, हिशेबनीस आणि वकील. सर्वांत अवघड बाब इमारतीची. पुष्कळ राज्यांत सनदी शाळेला सरकारी इमारत मिळतेच असे नाही. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसांना हे सारे पेलत नाही. अशा वेळी एखादी व्यवस्थापन कंपनी मदतीला येते. ती इमारत देते, मुख्याध्यापक देते, अर्जही लिहून देते. त्या बदल्यात अनुदानाचा मोठा वाटा शुल्क व भाडे म्हणून घेते. कागदावर मंडळ पालकांचे राहते, चाव्या मात्र कंपनीकडे जातात. २०१८ च्या जानेवारीत ओहायो राज्यातील एक ऑनलाइन सनदी शाळा वर्षाच्या मध्यावरच बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. प्रत्यक्षात न शिकलेल्या मुलांच्या नावेही तिने सरकारकडून पैसे घेतले होते. दुकान बंद झाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. परंतु बुडालेले शालेय वर्ष मुलाला कोण परत देणार?

दुसरी बाब जुन्या शाळेची. तिच्यातील चाळीस मुले नव्या शाळेत गेली तर चाळीस मुलांचा पैसा जातो. छताची दुरुस्ती, वीजबिल, पहारेकरी यांचा खर्च मात्र तितकाच राहतो, कारण ही चाळीस मुले एकाच वर्गातून जात नाहीत. प्रत्येक इयत्तेतून थोडी थोडी जातात. मग संगीताचा शिक्षक कमी होतो, परिचारिका कमी होते आणि मागे राहिलेल्या पालकांनाही शाळा सोडावीशी वाटू लागते. मागे राहतात ती बहुधा अपंग मुले, नुकतीच स्थलांतर करून आलेली मुले, ज्यांच्यासाठी अर्ज भरायला घरात कोणी नाही अशी मुले. चिठ्ठी निःपक्षपाती असते हे खरे, पण ती टाकायला जो पोहोचतो त्याच्यापुरतीच.

या मार्गाचे टोक न्यू ऑर्लिन्समध्ये दिसले. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तेथील शाळा-कर्मचाऱ्यांपैकी ७ हजारांहून अधिक लोकांना कामावरून काढण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या मोठी होती. पुढील काही वर्षांत जवळजवळ सर्व शाळा सनदी झाल्या. परीक्षांचे निकाल पूर्वीपेक्षा सुधारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुलाला जवळच्या शाळेत हक्काने प्रवेश मिळण्याची व्यवस्था मोडली आणि शहराच्या मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय समाजाचा एक आधारच निखळला. २०२४ मध्ये त्या शहराच्या मंडळाने स्वतः चालविण्याची एक नवी शाळा उघडली, तेव्हा ती बातमी झाली.

संशोधनाचा कौलही एकतर्फी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने २००९ मध्ये १६ राज्यांतील सनदी शाळा तपासल्या. गणितात १७ टक्के शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उरलेल्या सारख्याच ठरल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात सनदी शाळांची मुले सरासरीने थोडी पुढे दिसली, ऑनलाइन शाळांची मात्र फारच मागे. म्हणजे पाटी बदलल्याने शाळा सुधारत नाही. ती सुधारते टिकून राहणाऱ्या शिक्षकामुळे, पुरेशा पैशामुळे आणि जागरूक पालकांमुळे. या तीन गोष्टी सरकारी शाळेला नाकारायच्या आणि मग तिलाच नालायक ठरवायचे, ही चलाखी ओळखली पाहिजे.

शिकागो शहराने दुसरा मार्ग दाखविला आहे. २०१३ मध्ये तेथे सुमारे ५० सरकारी शाळा एका तडाख्यात बंद झाल्या. डायेट हायस्कूल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता. त्या वस्तीतील पालकांनी व कार्यकर्त्यांनी सनद मागितली नाही. त्यांनी स्वतःचा शैक्षणिक आराखडा तयार केला आणि शाळा सरकारीच राहावी, वस्तीतील प्रत्येक मुलाला खुली असावी, अशी मागणी केली. ऑगस्ट २०१५ मध्ये १२ जण उपोषणाला बसले. ते ३४ दिवस चालले. त्यांचा आराखडा जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही, परंतु २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली, सरकारी म्हणून आणि सर्वांसाठी. त्याच शहरात डिसेंबर २०१८ मध्ये एका सनदी शाळासमूहातील शिक्षकांनी संप केला. सनदी शाळांतील तो देशातील पहिला संप. आणि वर्षानुवर्षे महापौरांनी नेमलेल्या तेथील शिक्षण मंडळावर २०२४ मध्ये नागरिकांनी प्रथमच मतदानाने काही सदस्य पाठविले. पालक आणि शिक्षक एका बाजूला उभे राहिले म्हणजे काय घडते, ते १९६८ च्या न्यूयॉर्कला दिसले नव्हते. ते येथे दिसले.

महाराष्ट्राला या कथेत परके असे काही वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्याच फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले की कर भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. एजवुडच्या पालकांची तक्रार याहून निराळी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिला घराघरातून मूठमूठ धान्य मिळाले. लोकांनी उभारलेली प्रत्येक शाळा म्हणजे खासगीकरण नव्हे, याचा तो पुरावा आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळेची शिफारस केली, ती कागदावरच राहिली. उलट २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा येथे मंजूर झाला. २०२४ मध्ये शासनाने अधिसूचना काढली की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेने दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. ती अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाला रद्द करावी लागली.

तेव्हा त्या पालकांना उपदेश नको, साथ हवी. मूल सात वर्षांचे एकदाच असते. त्याच्या आईला व्यवस्था बदलेपर्यंत थांबा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. शाळा काढायचीच असेल तर तिचे हिशेब वस्तीपुढे उघडे असावेत, चाव्या कंपनीकडे जाऊ नयेत, शिक्षकांना संघटनेचा हक्क असावा आणि अपंग किंवा परभाषी मुलाला दारातून परत पाठवू नये, एवढे तरी त्यांनी पाहावे. परंतु त्याआधी एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा: अर्ज लिहिण्यात, इमारत शोधण्यात आणि पैसा उभारण्यात जी दोन वर्षे जाणार, ती जुन्या शाळेच्या दारात उभे राहून लढण्यात घातली तर?

हा प्रश्न येथील कार्यकर्त्यांनाही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. ही सनद महाराष्ट्रातील पालकांना कायद्यानेच मिळालेली आहे. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही. आपल्या गावातील, आपल्या वॉर्डातील समितीची शेवटची बैठक केव्हा झाली आणि तिला किती पालक आले, याची चौकशी प्रत्येक कार्यकर्त्याने या महिन्यात करावी. तेथील खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर त्या भरायला दुसरे कोणीतरी येईल आणि ते हिशेबाची वही बरोबर घेऊनच येईल.