तीन बोटं मावतात का?

काल-परवापर्यंत ज्याला ठेचा चालत होता, त्याला आज साधं फोडणीचं वरणही झोंबायला लागलं, तर त्याच्या खिशात सुपारीची पुडी आहे का ते आधी पाहा. भुसावळात माझ्याकडे ऐन पंचविशीतली मुलं दात दाखवायला येतात आणि तपासायचा आरसा आत जाईल इतकंही तोंड उघडत नाही. गालाला आतून बोट लावलं की ताठ दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. पाणीपुरी कशी खातोस, विचारलं तर म्हणतात, फोडून खातो. आणि लगेच पुढे, "पण डॉक्टर, तंबाखू नाही हो, साधी सुपारी आहे." या एका वाक्यासाठी आजची सगळी मिनिटं खर्चायची आहेत.

नुसत्या सुपारीने गाल ताठ कसा होतो हे कळायला आधी जखम कशी भरते ते पाहू. जखम भरते ती ग्रोथ फॅक्टरच्या निरोपांवर. जेवताना गाल चावला, की रक्तातल्या प्लेटलेट्स टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर सोडतात आणि पेशी कोलॅजन विणायला लागतात. लाळेतही ईजीएफ हा असाच एक ग्रोथ फॅक्टर असतो. स्टॅनले कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथींतच सापडला. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. 1986 चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना मिळालं ते ग्रोथ फॅक्टरच्या शोधांसाठी. टीजीएफ-बीटाच्या भावकीतला एक घटक नसला, तर उंदराच्या पिल्लाची टाळू गर्भात जुळतच नाही, दुभंगलेली राहते. इतकी मोलाची ही मंडळी आहेत.

आता आपल्या भुसावळ जंक्शनवर या. रुळाखालची खडी बसली, निरोप गेला, ब्लॉक मिळाला, गँग आली, खडी भरली आणि परत गेली. समजा, कुणी दिवसातून दहा वेळा खोटाच निरोप धाडला, की लाइन खचली. गँग इमानी. येणार, खडी टाकणार. एक दिवस ती खडी सांध्यात अडकते आणि सांधेवाल्याने कितीही जोर लावला तरी सांधा हलत नाही. सुपारीतलं अरेकोलीन असाच खोटा निरोप देतं. टीजीएफ-बीटा वाढतो, कोलॅजन पडत राहतं, जुनं उचलून नेण्याचं काम मंदावतं. त्यात सुपारीतलं तांबं कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं, म्हणजे खडीवर सिमेंटच! हे सगळं सुपारीचं काम. तंबाखूचा इथे संबंधच आलेला नाही.

मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्येच तोंड असं आखडणाऱ्या आजारावर लिहिलं होतं. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे 2012 मध्ये गुटखाबंदी आली, तर सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी विक्री सुरू झाली. तंबाखूची पुडी सोडलेल्याला वाटतं, आपण सुटलो. नाही सुटला, बाबा! आणि आजोबा, जेवण झाल्यावर नातवाच्या तळहातावर गोड सुपारी तुम्हीच ठेवता ना? रागावू नका, पण ते आजपासून बंद करा.

आपली तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. मावत नसतील तर दंतवैद्याकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने केरळात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या 7.6 टक्क्यांना कॅन्सर झाला. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफचा निरोप घेणारे रिसेप्टर बऱ्याचदा अवाजवी वाढलेले असतात. टाटा स्मारक रुग्णालयात गोळ्यांचे जे स्वस्त उपचार तपासले गेले, त्यांतली एर्लोटिनिब हाच रिसेप्टर अडवते. हा विषय मोठा आहे, पण वेळ संपल्याची खूण झाली.

पुन्हा एकदा, बिनतंबाखूची सुपारीसुद्धा गाल बांधते. सोडलीत तर पुढची खडी थांबते; पडलेली मात्र आपोआप निघत नाही. त्यासाठी आम्ही दातांमध्ये लाकडी पट्ट्यांची थप्पी धरायला सांगतो आणि हळूहळू एकेक पट्टी वाढवतो. हा व्यायाम तपासून घेतल्यावरच करा, आणि पुडी चालू ठेवून तर मुळीच नको.