आवाज कमी, भोक नेमकं

गटातल्या ज्या बहिणी घरी सर्किट बोर्ड बनवतात, त्यांच्याशी आज बोलायचंय.

बोर्डाची बाकी कामं मुकाट होतात. भोकं पाडायला घेतली की घर डोक्यावर! दिवसभर घरकाम, म्हणून ड्रिल हातात येतं रात्री. तेव्हाच पोरांचा अभ्यास आणि सासऱ्यांची झोप. दोन दिवस घरचे सोसतात, तिसऱ्या दिवशी म्हणतात, "बंद कर ते." नुकती सुरू झालेली कमाई थांबते. म्हणून मशीन घेताना किमतीइतकाच आवाजही पारखा.

भिंतीचं मोठं ड्रिल इथे नकोच. त्याचे गिअर आणि पंखाच जास्त ओरडतात. आपलं भोक साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचं. त्याला १२ व्होल्टची छोटी मोटर, बारीक चक आणि उभा स्टँड पुरतो.

दुकानात बिट आणि बोर्डाचा तुकडा घेऊन जा. बिट लावून मशीन चालवा. टोक एका ठिपक्यासारखं स्थिर दिसलं पाहिजे. गोल फिरताना दिसलं, तर चक डुगडुगतंय. असं मशीन आवाज करतं, भोक मोठं पाडतं आणि बिटही मोडतं. म्हणजे शांत मशीन पैसेही वाचवतं.

कार्बाइडचा बिट कडक, पण ठिसूळ. तो स्टँडमध्येच लावा. स्टीलचा बिट हातातही चालतो, पण काचतंतूंच्या बोर्डावर लवकर बोथट होतो. बोथट बिट किंचाळायला लागला की बदला.

बराचसा आवाज टेबलाचा असतो. पत्र्याचं टेबल ढोलासारखं घुमतं. जड लाकडी टेबल घ्या, स्टँडखाली जाड रबर घाला, नटबोल्ट आवळा. बोर्डाखाली लाकडाचा सपाट तुकडा ठेवा.

एक मात्र विसरू नका. आवाज कमी झाला म्हणून धोका गेला नाही. काचतंतूंच्या बोर्डाची धूळ म्हणजे बारीक काचच. मास्क आणि चष्मा लावा, वेणी बांधा, पदर खोचा. हातमोजे घालू नका, ते बिटात गुंततात. धूळ फुंकू नका. मशीन बंद करून ओल्या फडक्यानं पुसा. स्वयंपाकाच्या जागी हे काम नकोच.

एकटीला खर्च जड जात असेल, तर दोघी-तिघींनी मिळून एक चांगला स्टँड घ्या आणि वेळा वाटून घ्या. घर शांत राहिलं, तर काम टिकेल.