तुटलेल्या तारेची बातमी



दसरा तोंडावर आला की म्हैसुरात माणसांचे दोन ओघ एकदम वाहू लागतात. राजवाड्यावरचे लाखभर दिवे आणि जंबूसवारीची मिरवणूक पाहायला बाहेरगावचे लोक येतात, आणि इथले पुष्कळजण सुटी साधून घराला कुलूप लावून निघतात. सरस्वतीपुरम, यादवगिरी, जयलक्ष्मीपुरम या भागांतली जुनी घरं डोळ्यांपुढे आणा. आवार मोठं, झाडं दाट आणि माणसं दोन. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. निवृत्तांचं गाव अशी म्हैसूरची ख्याती आहेच, आणि आपल्या मराठी घरांतही आता हेच चित्र दिसतं. म्हणून या व्याख्यानाच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी घरफोडीची सूचना देणाऱ्या यंत्रांचा विषय सुचवला. त्यातलाही एक नेमका भाग मला बोलायचा आहे. हे यंत्र ज्या टेलिफोनच्या तारेवरून मदतीला हाक मारतं, ती तारच कुणी कापली तर काय होतं?

माझी नोकरी टेलिफोनच्या तारांमध्ये गेली, त्यामुळे सुरुवात तारेपासूनच करतो. आज दुकानात अलार्म घ्यायला गेलात की विक्रेता सेन्सर दाखवतो, सायरन वाजवून दाखवतो. दाराला लोहचुंबकाचा सेन्सर, दिवाणखान्यात माणसाच्या अंगची ऊब ओळखणारा डोळा, जिन्याखाली पॅनेल. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण घर बंद असताना सायरन कोणासाठी वाजतो? शेजाऱ्यांसाठी. आणि शेजारीही गावाला गेलेले असले, तर पॅनेलमधल्या ऑटोडायलरवर सगळी भिस्त. हा डायलर आधी भरून ठेवलेले चार-पाच नंबर एकामागून एक फिरवतो आणि ‘घरात कुणीतरी शिरलं आहे’ असा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवतो. आपल्याकडे अनेक वर्षं तो लँडलाइनवर चालला. आणि ती लाइन घरात येते कशी? खांबावरच्या डीपी नावाच्या जोडणीपेटीतून निघते, झाडाच्या फांदीला घासत भिंतीवर येते, व्हरांड्याच्या खांबावरून खिळ्याखिळ्यांनी खाली उतरते. साध्या पकडीने एका क्षणात तुटेल, अशा उंचीवर.

या दुबळेपणाचा इतिहास अलार्मइतकाच जुना आहे. विजेवर चालणाऱ्या घरफोडीच्या घंटेचं पेटंट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांनी 21 जून 1853 रोजी घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की दोन टोकं एकमेकांना भिडत, बॅटरीचा प्रवाह सुरू होई आणि हातोडी पितळी घंटेवर आपटू लागे. कल्पना सुंदर होती, पण तिच्यात एक मोठं भोक होतं. दार उघडलं की प्रवाह सुरू होणार, म्हणजे दार बंद असताना तारेत काहीच नाही. मग तार शाबूत असली काय आणि तुटलेली असली काय, घंटा दोन्ही वेळा सारखीच गप्प. पुढच्या लोकांनी मांडणी उलटी केली. तारेतून अल्पसा प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि तो थांबला की घंटा वाजवायची. दार उघडलं तरी प्रवाह थांबतो, तार कापली तरी थांबतो. घंटेला दोन्ही सारखेच. माझ्या मते सुरक्षेच्या शास्त्रातली ही सगळ्यात मोठी उडी आहे. त्यानंतर जे आलं, ते याच विचाराचे धागे आहेत.

पोप यांचे हक्क 1857 साली एडविन होम्स यांनी विकत घेतले. पुढे बोस्टनमधल्या बँका आणि पेढ्या तारांनी त्यांच्या कचेरीला जोडल्या गेल्या. 1877 साली तिथेच एक विलक्षण गोष्ट घडली. होम्स यांच्या मुलाने ग्रॅहॅम बेल यांच्या नव्या टेलिफोनचा प्रयोग याच अलार्मच्या तारांवर करून पाहिला आणि काही बँका एका फळीवर जोडून त्यांच्यात बोलणं घडवून आणलं. टेलिफोन एक्स्चेंजचा आरंभ जिथे झाला असं मानतात, त्या जागांमध्ये ही कचेरी येते. म्हणजे टेलिफोनने पहिली पावलं चोरघंटेच्या तारांवर टाकली. पुढे शंभर वर्षं चोरघंटा टेलिफोनच्या तारेवर राहिली.

आता आपल्या घरातली लाइन. एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचा 48 व्होल्टचा दाब प्रत्येक तांब्याच्या जोडीवर रात्रंदिवस असतो. रिसीव्हर उचललात की तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली येतो. ठेवलात की पुन्हा वर. बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने 1948 नंतर देशभर पोहोचवलेले ते जड काळे फोन तुम्हाला आठवत असतील. वीज गेली तरी ते चालायचे, कारण त्यांचं बळ तुमच्या घरातल्या विजेचं नव्हतंच, दूरच्या एक्स्चेंजमधल्या बॅटरीचं होतं. लाइन तपासणारं यंत्र हाच दाब पाहत बसतं. फोन ठेवलेला असताना अठ्ठेचाळीसच्या जवळपास, बोलणं चालू असताना त्याहून बराच कमी, आणि तार कापली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटवल्या की शून्य. शून्य काही सेकंद टिकलं की पॅनेलला कळतं: बाहेरचा रस्ता बंद झाला. आता घरातला सायरन तरी वाजवू या.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण ज्याने म्हैसूरचा पावसाळा टेलिफोनच्या खात्यात काढला आहे, त्याला विचारा. जॉइंटमध्ये पाणी शिरतं. रस्ता खोदणारे केबलवर कुदळ घालतात. उंदीर आवरण कुरतडतात. यातल्या प्रत्येक वेळी लाइन डेड होते. प्रत्येक वेळी सायरन वाजू लागला तर काय होईल ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन तक्रार करतील आणि चौथ्या दिवशी घरमालक पॅनेलमधली ती सोय बंदच करून टाकेल. मी अशी बंद केलेली कितीतरी पॅनेलं पाहिली आहेत. यंत्र जागं, त्यातली तारेची राखण झोपलेली. म्हणून चांगल्या पॅनेलमध्ये दोन पायऱ्या ठेवलेल्या असतात. नुसती लाइन गेली तर घरात बारीक ठणठण. लाइन गेलेली आणि त्याच वेळी दाराचा सेन्सरही हलला, तर पूर्ण सायरन. पॅनेल विकत घेताना ही सोय आहे का, हे विचारा. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा.

तरीही एक अडचण उरतेच. तार कापल्याचं घराला कळलं, पण घराबाहेर कुणाला कळलं? गावात रात्री गस्त घालणारा जागल्या असायचा. त्याची आरोळी ठरल्या वेळी कानावर आली की लोक कूस बदलून झोपत. ती आली नाही, तर उठून बसत. यंत्रांच्या दुनियेत हीच रीत ब्रिटनमध्ये 1980च्या दशकात टेलिफोन कंपनीने आणली. तिला रेडकेअर असं नाव होतं. एक्स्चेंजमधलं यंत्र ग्राहकाच्या लाइनवर माणसाला ऐकू न येणारी बारीक विचारपूस सतत करत राही. उत्तर आलं नाही की ती बातमी थेट देखरेख केंद्रात जाई. कापणाऱ्याने तार कापली की त्याच कापण्याने खबर जाते. आपल्याकडच्या घरगुती डायलरांत ही सोय सहसा नव्हती. त्यांना फक्त हाक मारता यायची. त्यांची हाक थांबली आहे हे ओळखणारा दुसऱ्या टोकाला कोणी बसलेला नव्हता.

आणि कोणी बसलेला असला तरी काम संपत नाही. लंडनच्या हॅटन गार्डन या सराफी भागातल्या तिजोरीघराची 2015 सालची चोरी तुम्ही वाचली असेल. ईस्टरची सुटी, एप्रिलचा पहिला आठवडा. चोर लिफ्टच्या भुयारातून उतरले. त्यांनी अलार्मच्या पेटीतून निघणारी टेलिफोनची केबल कापली आणि मोबाइल संदेशाचा अँटेनाही मोडला. म्हणजे तार आणि हवा, दोन्ही वाटा बंद करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तरीसुद्धा 3 एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर त्या पेटीतून एक इशारा निसटलाच. देखरेख करणाऱ्या कंपनीला तो मिळाला, पोलिसांना फोन गेला. पोलिसांच्या नोंदीत त्या फोनला ‘कुणी जाण्याची गरज नाही’ असा दर्जा दिला गेला. एक सुरक्षारक्षक आला, दारं बाहेरूनच पाहिली, सगळं जागच्या जागी दिसलं म्हणून परतला. चोरांचं फोडकामाचं यंत्र त्या रात्री बिघडलं होतं. ते निघून गेले, नवीन यंत्र आणलं आणि 4 तारखेच्या रात्री पुन्हा आले. काँक्रीटची जाड भिंत भेदून त्यांनी सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांचा माल नेला. मंगळवारी, 7 तारखेला, ते उघडकीला आलं. लंडनच्या पोलिसांनी नंतर चूक मान्य करून माफी मागितली.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तिथे यंत्राने आपलं काम केलं. घायाळ होऊनही केलं. मधल्या दोन दिवसांत एका माणसाने आत जाऊन पाहिलं असतं, तर चोरांची दुसरी रात्र आलीच नसती.

आता आजच्या घडीला येऊ. तांब्याची जोडी चालली आहे. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी काचेची तार, म्हणजे फायबर, आली, नंबर तोच राहिला, आणि फोन भिंतीवरच्या एका छोट्या पेटीला जोडला गेला. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोनचं जाळं जानेवारी 2027 पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरलं आहे. रेडकेअरही 2025 मध्ये बंद झालं. तिथे या बदलात वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं निकामी झाल्याचे गंभीर प्रसंग घडले, तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये सक्तीने लाइन बदलणं थांबवावं लागलं. आपल्याकडे हा बदल गाजावाजा न होता घडतो आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

काय घडतं ते नीट ऐका. तुमच्या जुन्या पॅनेलला आता 48 व्होल्ट एक्स्चेंजकडून मिळत नाहीत. ते घरातलीच ती पेटी तयार करून देते. बाहेर काचेची तार कापली गेली, तरी पुष्कळ पेट्या फोनच्या खाचेवर तो दाब तसाच ठेवतात. लाइन तपासणारं यंत्र पाहतं, दाब आहे, म्हणजे सगळं ठीक. प्रत्यक्षात बाहेरचा रस्ता तुटलेला असतो. पोप यांच्या घंटेतलं भोक आपण नकळत पुन्हा उघडलं आहे. दुसरं, ती पेटी घरच्या विजेवर चालते. 1902 साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या खाणींपर्यंत पोहोचली. 1908 साली ती या शहरात आली.  विजेची शंभराहून अधिक वर्षांची सवय असलेलं हे शहर आहे, पण मीटर आपल्याकडे अजून फाटकाजवळच्या भिंतीवरच असतो. तिथला खटका पाडला की फोनही गेला. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा जोडतात. ती छोटी पेटी जोडायचं राहून जातं.

मग विक्रेते सांगतात, सिमकार्डवालं पॅनेल घ्या. घ्या, जरूर घ्या. पण त्या सिमचं रिचार्ज कोण करतं? पॅनेल बसवताना घातलेलं सिम वर्षभरानंतर मुदत संपून मुकं झालेलं असतं आणि वरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत असतो. आतली 12 व्होल्टची बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. तीही कुणी पाहत नाही. आणि एक गोष्ट जी म्हैसुरात तरी आपल्याला सुचायला हवी, कारण वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था 1965 पासून आपल्या शहरात आहे: वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. कर्कश, बारीक आवाजाचा बझर सत्तरीतल्या माणसाला झोपेतून उठवेलच असं नाही. खालच्या पट्टीचा, खणखणीत आवाज लागतो. घरात वडीलधारी असतील तर सायरन त्यांच्या खोलीत, त्यांचा पंखा चालू असताना, त्यांना ऐकवून घ्या.

व्याख्यानानंतर बरेचजण विचारतात, कोणती कंपनी घ्यावी. मी नाव सांगत नाही. मी एक चाचणी सांगतो. या रविवारी दुपारी, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन, पॅनेल चालू ठेवा आणि बाहेरून येणारी तार पेटीतून काढा. काचेची असेल तर काचेची. मग घड्याळ लावून बसा. किती मिनिटांत, कुणाच्या फोनवर, कोणता निरोप गेला ते लिहून ठेवा. ती परत जोडा आणि मीटरजवळचा खटका पाडून तेच करा. त्यानंतर सिम काढून तेच. बहुतेक घरांत तिन्ही वेळा काहीही होणार नाही. ते कळणं हाच त्या दुपारचा लाभ. ज्या पॅनेलचा कंपनीच्या केंद्राशी ठरावीक मिनिटांनी संपर्क होतो आणि तो चुकला की केंद्रातून फोन येतो, तेच पॅनेल या चाचणीत उतरतं. ती मिनिटं किती, हे करारात लिहून मागा. दिवसातून एकदा संपर्क होत असेल, तर चोराला अख्खी रात्र मोकळी आहे.

डायलरमध्ये नंबर भरताना पहिला नंबर न्यू जर्सीच्या मुलीचा घालू नका. तिला निरोप मिळेल, ती घाबरेल, आणि तिथून पुन्हा तुमच्या शेजाऱ्याचाच नंबर शोधत बसेल. पहिला नंबर असा असावा, जो दहा मिनिटांत फाटकापाशी पोहोचेल. त्या माणसाला आधी विचारा, त्याच्याकडे फाटकाची किल्ली द्या आणि एवढंच सांगा: एकट्याने आत जायचं नाही, 112 ला फोन करायचा, पण दार बाहेरून ठीक दिसतं म्हणून परतही फिरायचं नाही. पोलीस येईपर्यंत समोरच्या घराच्या ओट्यावर थांबायचं. गावाला जाताना पोलीस ठाण्यातही कळवून जा. आणि तुमच्या गल्लीत कुणी आपल्या डायलरमधला पहिला नंबर म्हणून तुमचा नंबर मागितला, तर द्या.