घाटांतील पाऊस आणि घरांतील संगणक



महाडहून भोरकडे जाणारी सडक जेथें सह्याद्रीची चढण धरूं लागते, तेथें पायथ्याशीं वरंध हें गांव आहे. जवळच समर्थांची शिवथरघळ. पावसाळ्यांत या घाटांत दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद ठेवावी लागते. या खोऱ्यांतील अनेक घरांतील कर्तीं माणसें मुंबई-पुण्यास नोकरीधंद्यासाठीं असतात. मागें राहिलेल्या वडील मंडळींशीं त्यांचा व्यवहार आतां पुष्कळसा इंटरनेटवर चालतो. सातबाराचा उतारा पाहणें असो, पैसे पाठविणें असो वा हवामानखात्याचा इशारा कळणें असो, सारें त्या एका धाग्यावर लोंबकळत असतें.

अशा मुलखांत इंटरनेट बंद पडलें, कीं पहिला आरोप पावसावर येतो. तो पुष्कळदां खराहि असतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहरांत पुराचें पाणी शिरलें आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. संपर्काचीं साधनें कोलमडल्यामुळें त्या दिवशीं मदत मागणेंहि कठीण झालें होतें. अशा वेळीं घरांत बसून संगणकाचीं बटणें दाबून कांहींच साधत नाहीं. परंतु प्रत्येक खंड आभाळांतून पडत नाहीं. कित्येकदां तार शाबूत असते, दिवा जळत असतो आणि बिघाड आपल्या संगणकाच्या पोटांत असतो. दोष बाहेरचा कीं आंतला, हें ओळखणें हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

ती ओळख करून घेण्यास यंत्रशास्त्र लागत नाहीं. त्याच वायफायवर घरांतील मोबाईल चालतो काय, हें पाहावें. मात्र तेवढ्यापुरतें त्याचें सिमवरील इंटरनेट बंद करावें, नाहीं तर परीक्षा फसते. मोबाईल चालतो आणि संगणक चालत नाहीं, तर दोष संगणकांत. दोन्ही चालत नाहींत, तर वायफायच्या पेटीकडे वळावें. घरांत फायबरची तार आली असेल आणि पेटीवरील ‘एल्-ओ-एस्’ अक्षरांचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोंचत नाहीं असें समजावें. तेव्हां कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि स्वस्थ बसावें. तसें नसल्यास पेटी बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हां चालू करावी. संगणकहि एकदां बंद करून सुरू करावा. निम्मे रोग एवढ्यानेंच बरे होतात.

याउपरहि संगणक रुसलेला असेल, तर त्याचा पत्ता पाहावा. टपाल पोंचण्यास जसा घराचा पत्ता, तसा जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता लागतो. तो वांटण्याचें काम बहुधा घरची पेटीच करते. धर्मशाळेचा कारभारी आलेल्या प्रत्येक वाटसरूस खोलीचा क्रमांक देतो, तसाच हा प्रकार. कारभारी न भेटल्यास वाटसरू स्वतःच एक क्रमांक ठरवून मोकळा होतो! संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर त्यानें तो असाच स्वतः घेतला आहे, पेटीशीं त्याची भेट झालेली नाहीं, असें जाणावें. कोणी पूर्वीं हातानें पत्ता भरून ठेविला असेल, तर तोहि आज गैरलागू झालेला असूं शकतो.

पत्ता ठीक असूनहि संकेतस्थळ उघडत नसेल, तर नांवांच्या वहीकडे पाहावें. माणसें नांवें लक्षांत ठेवतात, यंत्रें आंकडे. नांवावरून आंकडा सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं रचिली. ती उत्तर देईनाशी झाली, कीं रस्ता मोकळा असूनहि घर सांपडत नाहीं. आंकडे टाकून पलीकडचें यंत्र उत्तर देतें आणि नांव टाकून देत नाहीं, तर दुखणें येथेंच आहे.

हे उपाय थकल्यावर अखेरचा उपाय म्हणजे संगणकाची जाळेंविषयक सारी मांडणी मूळपदावर आणणें. विंडोजच्या दहाव्या व अकराव्या आवृत्तींत ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ या विभागांत ‘नेटवर्क रीसेट’ अशी सोय आहे. संगणक जाळ्याशीं जोडणारे आपले भाग काढून टाकतो, पुन्हां बसवितो आणि स्वतः बंद होऊन सुरू होतो. साचलेल्या चुकीच्या नोंदी त्यांत पुसल्या जातात.

पण पाटी पुसली, कीं चांगलें अक्षरहि जातें. जतन केलेले वायफायचे परवलीचे शब्द विसरले जातात. कचेरीशीं जोडणारें व्हीपीएन पुन्हां बसवावें लागूं शकतें. हातानें भरलेला पत्ता नाहींसा होतो. म्हणून परवलीचा शब्द आधीं कागदावर उतरून ठेवावा. कचेरीचा संगणक असेल, तर तेथील जाणत्यास विचारल्यावांचून हात लावूं नये.

शहरांत राहणाऱ्या मंडळींनीं ही गोष्ट विशेषतः ध्यानांत घ्यावी. गांवाहून फोन येतो, “अरे, नेट बंद आहे”, आणि इकडून घाईघाईनें सांगितलें जातें, “बाबा, रीसेट करा.” बाहेर तार तुटलेली असते. वडील मुलाच्या शब्दावर विसंबून सारें पुसतात, आणि दोन दिवसांनीं तार जोडली गेली तरी परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसल्यानें घर अंधारांतच राहतें. त्याऐवजीं क्रमानें विचारावें : मोबाईल चालतो काय? पेटीवर लाल दिवा आहे काय? पेटी बंद करून पाहिली काय? पत्ता कोणत्या आंकड्यांनीं सुरू होतो? या चार प्रश्नांना पांच मिनिटेंहि लागत नाहींत. पावसाचा लाल इशारा लागलेल्या रात्रीं, पुढचा निरोप पोंचणार कीं नाहीं हें कदाचित् त्या पांच मिनिटांवर ठरावयाचें असतें.

सारांश, जें आपल्या हातीं आहे तें नीट करावें, जें नाहीं त्यासाठीं योग्य दार ठोठवावें, आणि या दोहोंतील भेद पावसाळ्यापूर्वींच घरांतील सर्वांस समजावून द्यावा. परवलीचा शब्द लिहिलेला कागद मात्र पाण्यापासून उंच ठेवावा.