जिवंत पेशीचा रोजमेळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाची संहिता)





मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसाय कापडाचा. तरीही आज एका वैज्ञानिक विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. चालत्या-फिरत्या जिवंत पेशीच्या आत निरोपांची जी देवाणघेवाण होते, ती डोळ्यांनी कशी पाहता येते, हा तो विषय.

बोटाला सुई टोचली तर काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. जखम भरताना त्वचेच्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकतात. पेशीला पाय नसतात. ती आपली पुढची कड पातळ पडद्यासारखी पसरते, त्या कडेने आधार पकडते आणि मागचे अंग ओढून घेते. हीच हालचाल कर्करोगाची पेशी करू लागली की रोग मूळ गाठ सोडून दुसऱ्या अवयवात पोहोचतो आणि कर्करोगाचे बहुसंख्य मृत्यू या प्रसारामुळेच होतात. म्हणून पेशीला ‘चल’ हा निरोप कोण देते, कोठे देते आणि केव्हा देते, हे कळणे अगत्याचे आहे.

निरोप देणारी काही प्रथिने शास्त्रज्ञांना ठाऊक होती. रॅक, रो आणि सीडीसी-४२ ही त्यांतील प्रमुख. दिव्याच्या बटणाप्रमाणे ती कधी चालू असतात, कधी बंद. परंतु ती मोजण्याची जुनी रीत म्हणजे लाखो पेशी एकत्र कुटून त्यांच्या अर्कात चालू प्रथिन किती आहे ते पाहणे. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर तो ३१ मार्चचा ताळेबंद होय. शिल्लक समजते, पण पैसा कोणत्या दिवशी, कोणाकडून आला आणि कोठे गेला, ते समजत नाही. त्यासाठी रोजमेळच उघडावा लागतो. जिवंत पेशीचा असा रोजमेळ लिहिणारे साधन म्हणजे प्रतिदीप्त जैवसंवेदक.

‘प्रतिदीप्ती’ हा शब्द जड वाटला तरी तिचा अनुभव आपल्याला रोजचा आहे. पांढऱ्या कापडाला टिनोपाल दिले की ते अधिक शुभ्र दिसते. ते द्रव्य उन्हातील न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि निळसर प्रकाशाच्या रूपाने परत देते. एका रंगाचा प्रकाश घ्यावा आणि दुसऱ्या रंगाचा द्यावा, हीच प्रतिदीप्ती.

निसर्गाने हा गुण एका जेलीफिशलाही दिला आहे. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. त्यांतून मिळालेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची नोंद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले. पुढे संशोधनासाठी निधी मिळेना, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकले. चाल्फींनी १९९४ मध्ये ते जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखविले. त्सिएन यांनी त्या प्रथिनाला निळसर, पिवळा असे नवे रंग दिले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. त्या वेळी प्रॅशर अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याकडे गाडी चालवीत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमला सन्मानाने नेले. पारितोषिकाच्या यादीत नाव नसले, तरी पुढचे सारे काम त्यांच्या त्या देण्यावर उभे आहे.

आता संवेदकाची रचना पाहू. एक निळसर आणि एक पिवळे अशी दोन प्रतिदीप्त प्रथिने एकाच साखळीत गुंफतात. त्यांच्यामध्ये, निरोप्या प्रथिन चालू झाले की त्याला घट्ट धरणारा तुकडा बसवितात. निरोप्या चालू झाला की साखळी दुमडते आणि दोन्ही रंग जवळ येतात. त्यांतील अंतर सुमारे १० नॅनोमीटरहून कमी झाले की निळसर प्रथिनाने घेतलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते. मग निळा प्रकाश मंदावतो आणि पिवळा वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली या दोन रंगांचे प्रमाण पाहिले की पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या क्षणी निरोप सुटला ते दिसते.

अमेरिकेतील क्लाउस हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रतिदीप्तीच्याच आधारे जिवंत पेशीत रॅकचे काम पाहिले. रॅक पेशीला पुढे ढकलते आणि रो मागचे अंग आवळते, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. २००६ मध्ये हान यांच्याच गटाला रो अगदी पुढच्या कडेवरही चालू झालेले आढळले. मग या दोघांत आधी कोण? तिन्ही प्रथिने एकाच पेशीत एकाच वेळी पाहणे कठीण होते. म्हणून गाउडेन्झ डानुझर यांच्या साहाय्याने प्रत्येकाची नोंद स्वतंत्र घेण्यात आली आणि पेशीच्या कडेची हालचाल हे तिघांचे समान घड्याळ ठरविण्यात आले. तीन वेगळ्या वह्या तारखेवरून जुळवाव्यात, तसाच हा प्रकार. २००९ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. कड पुढे सरकते त्याच क्षणी रो चालू होते. रॅक आणि सीडीसी-४२ ही कडेच्या २ मायक्रोमीटर मागे आणि ४० सेकंद उशिरा चालू होतात. माणसाचा केस साधारण ८० मायक्रोमीटर जाड धरला, तर हे अंतर त्याचा चाळिसावा भाग भरते! कुटलेल्या अर्कात हा क्रम कधीच सापडला नसता.

या क्रमाचे महत्त्व मोठे आहे. कर्करोगाच्या पेशीला जे निरोप चालवितात, तेच जखम भरणाऱ्या आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही चालवितात. सरसकट सर्वत्र निरोप बंद पाडणारे औषध रोगाबरोबर रक्षकालाही रोखील. म्हणून ‘किती’ याबरोबर ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ हेही कळलेच पाहिजे.

या विद्येलाही मर्यादा आहेत. प्रखर प्रकाशाने पेशीला इजा होते. संवेदक अधिक झाला तर तो निरोप्यालाच अडकवून ठेवतो, आणि मग आपण पाहतो ते पेशीचे वागणे नसून आपल्याच हस्तक्षेपाचा परिणाम असतो. म्हणून जाणते संशोधक प्रकाश मंद ठेवतात, संवेदक बेताचा वापरतात आणि पेशी पूर्वीसारखीच चालते ना, हे आधी तपासतात. आणखी एक गोष्ट आपल्या सभेत सांगितलीच पाहिजे. या ज्ञानासाठी जेलीफिशचे जीव गेले आणि २००९ च्या प्रयोगातील पेशीही उंदराच्या भ्रूणापासून वाढविलेल्या होत्या. ते मोल विसरून या ज्ञानाचे कौतुक करणे योग्य नव्हे.

बंधू-भगिनींनो, पेशी मारून तिच्यात काय होते ते कळले. ती जिवंत राहू दिली तेव्हाच ती काय करते हे कळले. एवढाच या विषयाचा सारांश आपल्यापुढे ठेवतो.