मूत्रपिंडाचं दुखणं, हृदयाला धोका

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत दत्तदर्शन झालं, की पेढे आणि बासुंदी घेतल्याशिवाय सहसा कुणी परतत नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी मात्र जरा थांबावं. आटवलेल्या दुधात साखर आणि स्निग्धांश असतातच, शिवाय फॉस्फरस आणि पोटॅशियमही असतं. थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं जड जातं.

पण रक्तातल्या चरबीचा घोटाळा केवळ खाण्यातून होत नाही. मूत्रपिंडांचं काम मंदावलं, की ट्रायग्लिसराइड फोडणारं विकरही अडखळतं. ट्रायग्लिसराइड वाढतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घटतं. एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा पुष्कळदा नेहमीसारखाच दिसतो, आणि इथेच फसगत होते. त्याचे कण लहान, दाट आणि धमन्यांना अधिक घातक झालेले असतात. लघवीतून प्रथिनं भरपूर जात असतील, तर एलडीएलही उसळतं.

असे कित्येक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकारानं दगावतात.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंडरुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं एकत्र दिल्यावर त्यांच्यात धमन्या चोंदून उद्भवणारे मोठे प्रसंग सुमारे 17 टक्क्यांनी घटले. डायलिसिस सुरू झाल्यावर नव्यानं दिलेल्या स्टॅटिनचा मात्र इतर चाचण्यांत ठळक लाभ दिसला नाही. म्हणून उशीर नको.

पन्नाशी ओलांडलेल्या मूत्रपिंडरुग्णांनी लिपिड प्रोफाइल तपासून घ्यावं, स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना विचारावं आणि चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नये.