इंग्रजी अक्षरांवरची शिरोरेषा



२०२० सालचा पावसाळा. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं राज्यभर चाललेलं. मी तेव्हा ढोकी गावाजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवत होतो. एका सकाळी मराठीचा दहा ओळींचा उतारा संगणकावर टाइप केला, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला आणि खाली फोनवरून लिहिलं, ‘हा उतारा वहीत सुंदर अक्षरात काढा. शिरोरेषा विसरू नका. फोटो पाठवा.’

आमच्याकडं तेव्हा मुलांच्या घरी फोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. वडील रानातून आले की पोरांची शाळा भरायची. त्यामुळं फोटो रात्री आठनंतर येऊ लागले. पहिला उघडला आणि मी बघतच राहिलो. पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याची खूण, पुन्हा इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच. एका मुलीनं तर त्या सगळ्या इंग्रजी अक्षरांवर पट्टीनं सरळ शिरोरेषा मारली होती. एकही खूण गाळलेली नव्हती.

थोड्या वेळानं तिच्या आजीचा फोन आला. “गुर्जी, पोरगी दोन तास वाकून लिवत होती. काय लिवलंय ते वाचून तर दावा.”

मला हसू आवरेना आणि आजींना काय सांगावं तेही सुचेना.

घडलं होतं ते असं. आमच्या संगणकावर जुना मराठी फॉन्ट होता. असे फॉन्ट आत इंग्रजी अक्षरंच साठवतात, फक्त त्यांना मराठीचा आकार चढवतात. तो फॉन्ट माझ्या संगणकावर होता, म्हणून मला उतारा मराठीत दिसला. पालकांच्या फोनमध्ये तो नव्हता, तिथं वरचं कातडं गळून पडलं. फोनवरून लिहिलेली सूचना मात्र नीट पोचली, कारण फोन युनिकोडमध्ये लिहितो. युनिकोडच्या तक्त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा ०९१५. तो ढोकीत तोच आणि जपानातही तोच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे.

आजींना मी एवढंच सांगितलं, “चूक माझी आहे, पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “गोरोबाकाका मडकं थापटून बघायचे, मग बाजारला न्यायचे.” गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार; त्यांचं तेर आमच्या शेजारी. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं ओळखलं, ही गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगतात. आजींचं म्हणणं मला तिथंच पटलं. रात्री जागून उतारा युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, आधी बायकोच्या फोनवर उघडून पाहिला, मग पाठवला. मुलांनी तोही लिहून काढला. एकानंही कुरकुर केली नाही. ते शिरोरेषेचं पान मी मुलीकडून मागून घेतलं आहे.

शिक्षक मित्रांनो, कितीतरी शाळांच्या संगणकांत अजून जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका पडून आहेत. त्यामागं कुणाची तरी वीस वर्षांची मेहनत आहे आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या वाचतासुद्धा येत नाहीत. येत्या सुट्टीत त्या युनिकोडमध्ये करून घ्या. आणि गटावर काही टाकण्याआधी ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर एकदा उघडून बघा.